राजा तोच की दुसरा? डरायस, आर्टाझर्क्सीस आणि मंडळी

या वेळचे प्रश्न प्राचीन इराणच्या हखामनी घराण्याबद्दल आहेत. पत्रं निरनिराळी, अडचण मात्र बहुतेकांची एकच : एका नावाचे तीन-तीन, चार-चार राजे आणि पुस्तकात नुसतं नाव छापलेलं.

प्रश्न : स्पर्धापरीक्षेच्या एका मार्गदर्शकात सिंधूचं खोरं जिंकणारा डरायस आणि अलेक्झांडरकडून हरलेला डरायस एकच असल्यासारखं लिहिलं आहे. डरायस नेमके झाले तरी किती? (अमरावती)

उत्तर : गादीवर बसलेले तीन. तुम्ही म्हणता त्या दोघांत दीडशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे, तेव्हा मार्गदर्शकातलं ते पान खोडून टाका.

पहिला डरायस इ.स.पू. ५२२ ते ४८६. बेहिस्तूनच्या कड्यावरचा तीन भाषांतला लेख याचा, इ.स.पू. ४९० मधली ग्रीसवरची मॅरेथॉनची स्वारीही याच्याच काळातली. सिंधूचं खोरं यानेच घेतलं. इथे परीक्षेत हमखास चुकणारी एक जागा आहे. बेहिस्तूनच्या लेखात ताब्यातल्या प्रदेशांची यादी आहे. तिच्यात गंधार आहे, पण ‘हिंदुश’ म्हणजे सिंध नाही. पर्सेपोलिसच्या आणि नक्श-ए-रुस्तमच्या लेखांत मात्र हिंदुश येतो. म्हणजे सिंध जिंकला गेला तो बेहिस्तूनची यादी कोरल्यानंतर. हेरोडोटसने भारताचा विसावा करप्रांत आणि ३६० टॅलेंट (टॅलेंट हे जुनं वजनाचं माप) सुवर्णधूळ ही खंडणी सांगितली आहे, तीही या पहिल्याच्या राज्यातली.

दुसरा डरायस इ.स.पू. ४२३ ते ४०४. अथेन्स आणि स्पार्टा एकमेकांशी झुंजत होते तेव्हा स्पार्टाला पैसा पुरवणारा तो हाच. तिसरा इ.स.पू. ३३६ ते ३३०. इससला ३३३ मध्ये आणि गौगमेलाला ३३१ मध्ये अलेक्झांडरकडून हरला, आणि ३३० मध्ये बॅक्ट्रियाचा सुभेदार बेसस याच्या कटात मारला गेला. पोरसाची लढाई ३२६ ची. तोवर डरायस नावाचा कुणी राजा उरलाच नव्हता. गौगमेलाला तिसऱ्या डरायसच्या बाजूने भारतीय तुकड्या आणि सुमारे पंधरा हत्ती होते, बहुधा त्यावरूनच हा घोळ होत असावा.

बाकीच्यांची मोजदाद पटकन सांगतो. झर्क्सीस दोन, पैकी दुसऱ्याचं राज्य अवघे ४५ दिवस. आर्टाझर्क्सीस चार; बेससने डरायसला मारल्यावर स्वतःला तेच नाव लावून घेतलं, त्याला धरलं तर पाच. सायरस आणि कँबायसिस प्रत्येकी दोन. ‘धाकटा सायरस’ म्हणून जो सांगतात तो राजा नव्हे, दुसऱ्या डरायसचा मुलगा. भावाविरुद्ध बंड करून इ.स.पू. ४०१ मध्ये कुनाक्सा इथे पडला.

प्रश्न : ‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे त्यांच्या स्वतःच्या लेखांत कोरलेले आहेत का? नसतील तर लेख कोणाचा, थडगं कोणाचं, हे कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

उत्तर : एकाही लेखात नाहीत. आकडे अलीकडच्या इतिहासकारांनी आपल्या सोयीसाठी लावले. लेखातला राजा स्वतःची ओळख सांगतो ती बापाच्या नावाने, त्यामुळे वाचताना राजाचं नाव सोडून पुढच्या ‘अमक्याचा पुत्र’ या शब्दांवर बोट ठेवायचं. डरायस ‘विश्तास्पाचा पुत्र’ असेल तर पहिला, ‘आर्टाझर्क्सीसचा पुत्र’ असेल तर दुसरा. आर्टाझर्क्सीस ‘झर्क्सीसचा पुत्र’ असेल तर पहिला, ‘डरायसचा पुत्र’ असेल तर दुसरा.

वंशावळीचा सगळ्यात उपयोगी नमुना सुसाच्या राजवाड्यातल्या खांबांच्या बैठकींवर आहे. दुसरा आर्टाझर्क्सीस तिथे बाप, आजा, पणजा करत थेट विश्तास्पापर्यंत जातो : आर्टाझर्क्सीस डरायसचा, डरायस आर्टाझर्क्सीसचा, आर्टाझर्क्सीस झर्क्सीसचा, झर्क्सीस डरायसचा, डरायस विश्तास्पाचा. पुढे म्हणतो की हा महाल माझ्या पूर्वज डरायसने बांधला, माझ्या आजोबा आर्टाझर्क्सीसच्या काळात तो जळला, आणि अहुरमज्द, अनाहिता व मिथ्र यांच्या कृपेने मी तो पुन्हा उभारला. एका लेखात दोन डरायस आणि दोन आर्टाझर्क्सीस आहेत, तरी नात्यांमुळे वाचणारा कुठे अडखळत नाही.

याच लेखात दुसरी खूण आहे. आधीच्या राजांच्या लेखांत देव नावाने येतो तो अहुरमज्द; अनाहिता आणि मिथ्र ही नावं राजलेखांत दुसऱ्या आर्टाझर्क्सीसपासून दिसू लागतात. तिसरी खूण व्याकरणाची. पहिल्या डरायसच्या लेखांत विभक्ती जागच्या जागी असतात. चौथ्या शतकापर्यंत बोली बदलून गेली होती आणि कोरणारे जुनी भाषा आठवून लिहीत, त्यामुळे षष्ठीच्या जागी प्रथमा अशा चुका पडतात. शुद्धलेखन ढासळलेलं असेल तर लेख उशिराचा, असा एक ढोबळ अंदाज बांधता येतो.

थडग्यांचं काय, असंही तुम्ही विचारलं आहे. नक्श-ए-रुस्तमच्या कड्यात चार राजथडगी आहेत, पण लेखामुळे पक्कं ठरतं ते पहिल्या डरायसचं एकच. बाकीची तीन पहिला झर्क्सीस, पहिला आर्टाझर्क्सीस आणि दुसरा डरायस यांची मानतात, ती जागेच्या क्रमावरून आणि घडणीवरून. प्रवासी पुस्तिका चारही नावं सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापतात. वाचताना एक पक्कं आणि तीन अंदाजाची, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : एवढ्या मोठ्या घराण्याला नावांची टंचाई होती का? (ठाणे)

उत्तर : टंचाई नव्हती. गादीवर बसताना जन्मनाव बाजूला ठेवून पूर्वजाचं नाव घ्यायची रीत होती, निदान पाचव्या शतकाच्या अखेरीपासून तरी. दुसऱ्या डरायसचं आधीचं नाव ओकस. दुसऱ्या आर्टाझर्क्सीसचं अर्शक, तिसऱ्याचं पुन्हा ओकस, चौथ्याचं अर्सेस. तिसरा डरायस बॅबिलोनच्या एका पाटीत अर्तशाता या नावाने येतो. ‘कोडोमॅनस’ हे नाव बरंच उशिराच्या जस्टिन या रोमन लेखकाकडचं आहे.

ही अटकळ नाही. बॅबिलोनचे ज्योतिषी ग्रहणांच्या आणि ग्रहांच्या नोंदी ठेवत, त्यांना राजा नेमका कोणता हे कळणं गरजेचं होतं. म्हणून ते लिहीत : ‘अर्शू, ज्याला राजा अर्तक्षत्सु म्हणतात’. जन्मनाव आणि गादीचं नाव दोन्ही एका ओळीत. राजांच्या स्वतःच्या लेखांत जन्मनाव कधीच येत नाही.

नाव कशासाठी घेत, हे दुसऱ्या डरायसकडे पाहिलं की उमजतं. तो पहिल्या आर्टाझर्क्सीसचा, पण बॅबिलोनी उपपत्नीपासूनचा मुलगा. ग्रीक लेखक त्याला ‘नोथोस’ म्हणजे अनौरस म्हणत. इ.स.पू. ४२४ मध्ये बाप गेला, औरस झर्क्सीस गादीवर बसला, ४५ दिवसांत सावत्रभाऊ सोग्डियानसने त्याला मारलं, आणि सहा-सात महिन्यांत ओकसने सोग्डियानसला दूर केलं. अशा माणसाला घराण्याची घडी बसवणाऱ्या पणजोबाचं नाव लागणारच. बेससने ‘आर्टाझर्क्सीस’ लावून घेतलं त्यामागेही हेच. त्याचा उपयोग झाला नाही, वर्षभरात अलेक्झांडरच्या हाती सापडला, ते वेगळं.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल मात्र होतीच. पहिल्या झर्क्सीसचा थोरला मुलगा डरायस, आणि दुसऱ्या आर्टाझर्क्सीसचा थोरला मुलगाही डरायस. दोघेही गादीवर बसण्याआधीच मारले गेले, नाहीतर आपल्याला आणखी दोन आकडे पाठ करावे लागले असते.

प्रश्न : ‘आर्टाझर्क्सीस’ म्हणजे ‘मोठा झर्क्सीस’ असं काही आहे का? आणि या नावांचं संस्कृतशी नातं लागतं का? (पुणे)

उत्तर : पहिल्याचं उत्तर नाही. हा गोंधळ ग्रीकांच्या कानांनी केला. झर्क्सीसचं मूळ नाव ‘क्षयार्शा’ : ‘क्षय’ म्हणजे राज्य करणारा, ‘अर्शन्’ म्हणजे नर, वीर. वीरांवर राज्य करणारा. वेदातला ‘क्षयति’ म्हणजे सत्ता चालवतो, तोच हा ‘क्षय’. आपल्या नाश पावण्याच्या क्षयाशी त्याचा संबंध नाही. आर्टाझर्क्सीस मुळात ‘अर्तक्षस्स’च्या जवळपास उच्चारलं जाई. ‘अर्त’ म्हणजे ऋत, ‘क्षस्स’ म्हणजे क्षत्र. ज्याची सत्ता ऋतावर चालते तो. दोन्ही नावांत ‘क्ष’ आला एवढंच साम्य. ग्रीकांनी दोघांनाही ‘-झर्क्सीस’ करून टाकलं.

तो ‘स्स’ डोळ्याला खटकेल. जिथे आपल्याकडे ‘त्र’ येतो तिथे जुन्या फारसीत स-सारखा एक घर्षक वर्ण येतो : पुत्र तिथे ‘पुस्स’, क्षत्र तिथे ‘क्षस्स’. हे एकदा ध्यानात घेतलं की अर्धी नावं आपोआप उलगडतात. इराणच्याच दुसऱ्या बोलीत ‘क्षथ्र’ होतं, त्याचं पुढे ‘शहर’ झालं आणि फारसीतून मराठीत आलं. प्रांताधिपतीला ‘क्षस्सपावन्’ म्हणत. ते नाव फिरत फिरत ‘क्षत्रप’ होऊन आलं. नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांत नहपानाच्या नावाला जोडलेलं येतं ते हेच.

डरायस म्हणजे ‘दारयवउश’ : दारय म्हणजे धारय, वउ म्हणजे वसु. चांगलं ते धरून ठेवणारा. फारसी परंपरेत त्याचं ‘दारा’ झालं, आणि दारा शुकोह या मोगल शहजाद्याच्या नावाचा अर्थ ‘दारासारखं वैभव असलेला’. मुंबईच्या पारशी घरांतलं ‘अर्देशीर’ हे अर्तक्षस्साचंच उतरत आलेलं रूप आहे. मधल्या पायरीवर ‘अर्दक्षीर’. ‘खुश्रू’ आणि ‘सायरस’ मात्र एक नाहीत. सायरस म्हणजे कूरुश. खुश्रू किंवा खुसरो अवेस्तातल्या ‘हओस्रवह’पासून, म्हणजे सुश्रवस्. फार जण हे दोन एकत्र करतात.

प्रश्न : मराठी बायबलात कोरेश, दारयावेश, अहश्वेरोश आणि अर्तहशश्त हे राजे येतात. इतिहासातले कोणते? एज्रा आणि नहेम्या या पुस्तकांतला अर्तहशश्त एकच का? (वसई)

उत्तर : कोरेश म्हणजे दुसरा सायरस, इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन घेणारा. यरुशलेमचं मंदिर पुन्हा बांधू देणारा दारयावेश पहिला डरायस. अहश्वेरोश म्हणजे झर्क्सीस. एस्तेरच्या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात त्याला आर्टाझर्क्सीस केलं आहे, त्यामुळे काही टीकाग्रंथांत चुकीचं नाव भेटतं. दानीएलमधला ‘मेदी दारयावेश’ मात्र कुठल्याच समकालीन लेखात सापडत नाही. त्याला तिघांपैकी कुणाशी जुळवायच्या खटपटीत पडू नये.

नहेम्याचा प्रश्न नीट सुटतो, आणि तो कसा सुटतो हे पाहण्यासारखं आहे. नहेम्या राजाच्या २० व्या वर्षापासून ३२ व्या वर्षापर्यंत यहूदाचा सुभेदार होता, असं पुस्तकात आहे. तिसऱ्या आर्टाझर्क्सीसचं राज्य २१ वर्षांचं, म्हणजे तो बाद. पहिल्याची ४१ आणि दुसऱ्याची ४६, दोघेही चालतात. निकाल लागतो तो इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर सापडलेल्या अरामी पत्राने. (आपल्या घारापुरीच्या एलिफंटाशी याचा संबंध नाही.) तिथल्या यहुद्यांचं मंदिर डरायसच्या १४ व्या वर्षी पाडलं गेलं, आणि १७ व्या वर्षी त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला विनंतीपत्र लिहिलं. हा डरायस दुसरा, वर्ष इ.स.पू. ४०७. पत्रात शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याच्या मुलांना एक पत्र धाडल्याचा उल्लेख आहे. सनबल्लट हा नहेम्याचा वैरी. इ.स.पू. ४०७ मध्ये त्याची मुलं कारभारात दिसतात, म्हणजे त्याच्या सत्तेचा भराचा काळ त्याआधीचा. तेव्हा नहेम्याचा राजा पहिला आर्टाझर्क्सीस आणि २० वं वर्ष इ.स.पू. ४४५.

एज्राला फक्त ‘सातवं वर्ष’ दिलं आहे. पहिला धरला तर इ.स.पू. ४५८, दुसरा धरला तर ३९८. परंपरा पहिल्याच्या बाजूने आहे. दुसरा पक्ष बोट ठेवतो ते योहानान या नावावर : एज्रा त्याच्या खोलीत जातो असं एज्रा १०:६ मध्ये आहे, आणि एलिफंटाइनच्या त्याच पत्रात योहानान हा त्या वेळचा मुख्य याजक आहे. नावं याजकांच्या घरांतही फिरत असत, म्हणून हा पुरावा नहेम्याच्या पुराव्याइतका वजनदार नाही.

एज्राचा चौथा अध्याय वाचताना जपा. त्यात कोरेश, दारयावेश, अहश्वेरोश, अर्तहशश्त असा क्रम लागतो आणि शेवटच्या ओळीत पुन्हा दारयावेश येतो. हा दुसरा डरायस नव्हे. लेखक विरोधाच्या सगळ्या तक्रारी एका ठिकाणी गोळा करून पहिल्याच्याच कथेकडे परततो.

प्रश्न : संग्रहालयात ‘आर्टाझर्क्सीस, वर्ष २५’ एवढीच माहिती असलेली बॅबिलोनी मातीची पाटी पाहिली. यावरून साल काढता येतं का? (नागपूर)

उत्तर : काढता येतं, दोन पायऱ्यांत. आधी चाळणी लावा. बॅबिलोनी हिशेबाने कोणाचं राज्य कितव्या वर्षापर्यंत गेलं ते असं : पहिला डरायस ३६, पहिला झर्क्सीस २१, पहिला आर्टाझर्क्सीस ४१, दुसरा डरायस १९, दुसरा आर्टाझर्क्सीस ४६, तिसरा आर्टाझर्क्सीस २१, तिसरा डरायस ५. तुमच्या पाटीवर २५ आहे, म्हणजे तिसरा आर्टाझर्क्सीस गळाला. ४२ ते ४६ असतं तर दुसराच. डरायसच्या पाटीवर २० किंवा अधिक दिसलं तर पहिलाच.

मग वजाबाकी. पहिल्या आर्टाझर्क्सीससाठी ४६५ मधून वर्ष वजा करा, दुसऱ्यासाठी ४०५ मधून, तिसऱ्यासाठी ३५९ मधून. डरायससाठी अनुक्रमे ५२२, ४२४ आणि ३३६. येतं ते साल इसवी सनापूर्वीचं. तुमची पाटी एकतर ४४० ची, नाहीतर ३८० ची.

चूक होते ती दोन ठिकाणी. बॅबिलोनी वर्ष वसंतात, निसान महिन्यात सुरू होई, साधारण आपल्या पाडव्याच्या सुमारास. राजा मधेच गादीवर बसला तर पुढच्या निसानपर्यंतचा काळ ‘राज्यारोहणाचं वर्ष’, त्याला आकडा नाही. पहिलं वर्ष त्यानंतर. दुसरी चूक शेवटच्या महिन्यांची. जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंतची तारीख वजाबाकीने आलेल्या सालाच्या पुढच्या सालात पडते. यरुशलेमचं मंदिर डरायसच्या सहाव्या वर्षी अदार महिन्यात पुरं झालं. ५२२ वजा ६ म्हणजे ५१६, पण अदार हा वर्षाचा शेवटचा महिना, म्हणून खरं साल इ.स.पू. ५१५.

दोघांपैकी एक निवडायला पाटीवरची माणसं बघा. निप्पूरच्या मुराशू घराण्याच्या सावकारीच्या सातशेहून अधिक पाट्या मिळाल्या आहेत, त्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, पहिल्या आर्टाझर्क्सीसच्या आणि दुसऱ्या डरायसच्या. त्यांतला सावकार किंवा साक्षीदार बापाच्या नावासकट तुमच्या पाटीवर असेल तर प्रश्न मिटला.

प्रश्न : ‘पहिल्या डरायसचं सोन्याचं नाणं’ म्हणून एक नाणं विकायला आहे. खात्री कशी करावी? (पणजी)

उत्तर : ‘पहिल्या’ या शब्दाची खात्री कुणालाच देता येणार नाही. डॅरिक या सोन्याच्या आणि सिग्लोस या चांदीच्या नाण्यावर अक्षर नसतं. मुकुट घातलेला धनुर्धारी राजा एका बाजूला, मागे नुसता ओबडधोबड ठशाचा खळगा. डॅरिक सुमारे ८.४ ग्रॅम, सिग्लोस साधारण ५.५ ग्रॅम, आणि एका डॅरिकला वीस सिग्लोस. अभ्यासक राजाच्या पवित्र्यावरून चार प्रकार पाडतात : अर्धं शरीर, बाण सोडताना, भाला घेऊन धावताना, खंजीर घेऊन धावताना. पहिल्या प्रकारात सोनं मिळत नाही. भालेवाला प्रकार अनेक राजांनी पाडत नेला, म्हणून त्याला एका राजाचं नाव चिकटवणारा विक्रेता एकतर अजाण आहे, नाहीतर लबाड. नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ दिसली किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर ते ओतीव आहे. खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं. आणि कुठून आलं याचे कागद नसतील तर घेऊच नका.

प्रश्न : जुन्या फारसीची लिपी राजांच्या नावांवरून उलगडली म्हणतात. एकसारख्या नावांनी उलट गोंधळ व्हायला हवा ना? (औरंगाबाद)

उत्तर : इथे तीच गोष्ट कामी आली. कार्स्टन नीबूर हा डॅनिश मोहिमेतला मोजणीदार १७६३-६४ मध्ये मुंबईत होता, घारापुरीची लेणी त्याने मोजून रेखाटली, आणि तिथून निघाल्यावर १७६५ मध्ये पर्सेपोलिसचे लेख उतरवून घेतले. त्या नकलांवर १८०२ मध्ये गोटिंगेनचा शाळामास्तर ग्रोटेफेंड बसला.

त्याने दोन छोटे लेख शेजारी मांडले. सासानी, म्हणजे हखामनींनंतर कितीतरी शतकांनी आलेल्या इराणी घराण्याच्या, लेखांचा साचा तोवर वाचला गेला होता : अमुक, महान राजा, राजांचा राजा, तमुक राजाचा पुत्र. एका लेखात ‘क’ राजा हा ‘ख’ राजाचा मुलगा. दुसऱ्यात ‘ख’ राजा हा ‘ग’चा मुलगा, पण ‘ग’पुढे ‘राजा’ हा शब्द नाही. म्हणजे आजा राजा नव्हता. सायरस धरावा, तर त्याचा बाप कँबायसिस आणि मुलगाही कँबायसिस; मग ‘क’ आणि ‘ग’ हुबेहूब एक यायला हवे होते. आले नाहीत. शिवाय सायरस आणि कँबायसिस एकाच व्यंजनाने सुरू होतात, लेखातली नावं वेगवेगळ्या चिन्हांनी. दुसऱ्या डरायसचा बाप राजा होता, तो इथे बसत नाही, आणि आर्टाझर्क्सीस त्या जागेला लांब पडत होता. उरले विश्तास्पा, डरायस, झर्क्सीस. त्या तीन नावांतून पहिली अक्षरं मिळाली.

प्रश्न : अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं इराणी वकिलातीचं चित्र कोणत्या खुसरोचं? (जळगाव)

उत्तर : हे सासानी घराणं, हखामनींनंतर कितीतरी शतकांनी आलेलं. पहिला खुसरो अनुशिरवान इ.स. ५३१ ते ५७९, दुसरा खुसरो परवेझ ५९० ते ६२८. हे चित्र ज्या चालुक्य राजाशी जोडलं जातं त्या दुसऱ्या पुलकेशीच्या काळात बसतो तो दुसराच. दुसऱ्या खुसरोच्या ३६ व्या वर्षी भारतातल्या एका राजाकडून पत्रं आणि भेटी आल्याची हकीकत तबरी या इतिहासकाराने दिली आहे, आणि तो राजा पुलकेशी असावा असं एकोणिसाव्या शतकात सुचवलं गेलं. चित्र मग त्या वकिलातीला जोडलं गेलं. पण लेणं क्रमांक १ आज बरेच अभ्यासक वाकाटक हरिषेणाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात. तेव्हा इराणच्या गादीवर पेरोझ होता. चित्रातल्या टोप्या आणि अंगरखे इराणी वळणाचे आहेत हे खरं, पण राजा बौद्ध कथेतला आहे.